फुलांची दरी : एका दिवसाचा पाहुणचार

गढवाल हिमालयातील चमोली जिल्ह्यात, बदरीनाथकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या पूर्वेस, एक लहानशी उंच दरी आहे. तिची लांबी सुमारे आठ किलोमीटर आणि रुंदी सुमारे दोन किलोमीटर भरेल. टिपरा हिमनदीतून निघालेली पुष्पावती नदी तिच्या मध्यातून वाहते. उत्तरेस व पूर्वेस नीलगिरी पर्वत, रताबन, गौरी पर्वत अशी सहा हजार मीटरांहून उंच शिखरे उभी आहेत. पावसाळ्यात या दरीचा तळ आणि दोन्ही बाजूंचे उतार फुलांनी असे भरून जातात की हिंदीत तिला ‘फूलों की घाटी’ हेच नाव रूढ झाले. आपण तिला फुलांची दरी म्हणू.

या दरीला भेट देणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत सतत वाढत आली आहे. चालण्याची हौस, हिमशिखरांचे दर्शन, शहरापासून दूर उघड्या आकाशाखाली राहण्याची इच्छा, अशा नाना हेतूंनी लोक येथे येतात. त्यांपैकी पहिल्या दोन इच्छा दरी मुक्तहस्ताने पुरवते. तिसरी मात्र येथे पुरी होत नाही. दरीत रात्री मुक्काम करण्यास, तंबू ठोकण्यास आणि चूल पेटविण्यास मनाई आहे. सकाळी आत जावयाचे आणि संध्याकाळपूर्वी बाहेर पडावयाचे, असा नियम आहे. पुष्कळ प्रवाशांना हा नियम सरकारी आडमुठेपणाचा नमुना वाटतो. तो तसा आहे काय, हे ठरविण्यापूर्वी ही दरी वर्षभर कशी जगते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दरीची वाट

हृषीकेशहून अलकनंदेच्या काठाने वर जाणारा रस्ता देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग व चमोली ही गावे ओलांडून जोशीमठास पोहोचतो. या नगराचे अधिकृत नाव आता ज्योतिर्मठ असे झाले आहे. त्याच्या पुढे गोविंदघाट येथे बदरीनाथचा रस्ता सोडावा लागतो. अलकनंदेवरील पूल ओलांडून पुलना गावापर्यंत आता वाहने जातात. तेथून मात्र पायी, खेचरावर अथवा माणसाच्या पाठीवरील कंडीत बसून जावे लागते. सुमारे नऊ-दहा किलोमीटरांची चढण संपली की फर वृक्षांच्या दाट रानात वसलेली घांगरिया ही वस्ती लागते. तिची उंची सुमारे ३,०५० मीटर आहे.

घांगरियाच्या थोडे पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडील चढणीची वाट हेमकुंड साहिब या शीखांच्या तीर्थस्थानाकडे जाते. त्याच सरोवरास हिंदू परंपरेत लोकपाल म्हणतात आणि त्याच्या काठी लक्ष्मणाचे मंदिर आहे. चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर असलेल्या या तीर्थावरही यात्रेकरूस रात्री राहता येत नाही. दर्शन घेऊन त्याच दिवशी घांगरियास परतावे लागते. डावीकडील वाट पुष्पावतीच्या काठाने फुलांच्या दरीत जाते. उद्यानाचे प्रवेशद्वार ओलांडल्यावर वाट अरुंद खिंडीतून नदी पार करते, भूर्जवृक्षांच्या रानातून चढते आणि मग एकाएकी डोंगर दूर सरून दरी उघडी पडते.

परिचय कोणाचा, प्रसिद्धी कोणाची

या दरीचा ‘शोध’ १९३१ मध्ये लागला, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. त्या वर्षी जून महिन्यात फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकाच्या तुकडीने ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर प्रथमच सर केले. परत येताना स्माइथ आणि त्याचे सहकारी भ्यूंडार खिंडीतून या दरीत उतरले. १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा येथे आला. त्याने येथे मुक्काम करून वनस्पती गोळा केल्या आणि १९३८ मध्ये त्याचे या दरीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पतिअभ्यासक येथे आली. फुले गोळा करीत असता कड्यावरून पाय घसरून जुलै महिन्यात तिचा मृत्यू झाला. तिची समाधी दरीतच आहे.

वास्तविक भ्यूंडार गावच्या लोकांना ही दरी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. उन्हाळ्यात त्यांची व इतर गावांची मेंढरे येथे चरत असत. औषधी मुळे कोठे मिळतात, कोणत्या ओढ्याचे पाणी कधी वाढते, हे त्यांना माहीत होते. गढवालच्या लोकसमजुतीप्रमाणे अशा उंच कुरणांवर आंछरी म्हणजे पऱ्या वावरतात. तेथे मोठ्याने बोलू नये, भडक रंगाची वस्त्रे नेसू नयेत, नाही तर पऱ्या माणसाला घेऊन जातात, असे सांगत. या समजुतीमागे खरे काय होते याचा निर्णय करण्याचे येथे कारण नाही. तिचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. माणूस या जागी दबकत येई आणि आपण दुसऱ्याच्या घरी आलो आहोत, ही जाणीव मनात ठेवून वावरे.

चार महिन्यांचे वर्ष

फुलांच्या दरीचा तळ साधारणपणे ३,३०० ते ३,६०० मीटर उंचीवर आहे. हिमालयाच्या या भागात वृक्षांची मर्यादा येथेच कोठेतरी संपते. त्यावर भूर्ज आणि बुरांसची खुरटी झुडपे तेवढी तग धरतात, आणि त्याहून वर केवळ गवत व फुलझाडे. अशा कुरणांना गढवालात बुग्याल म्हणतात.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत ही दरी बहुतांशी बर्फाखाली असते. वनस्पतींना वाढण्यास, फुलण्यास आणि बी धरण्यास उरतात ते जून ते सप्टेंबर एवढे चार महिने. एका चातुर्मासात सारे आयुष्य उरकावयाचे, असा हा संसार आहे. म्हणूनच येथील फुलांमध्ये एक विलक्षण घाई दिसते. बर्फाची कडा मागे सरकते न सरकते तोच प्रिम्युला आणि ॲनिमोन उमलतात. जुलैमध्ये जिरेनियम, पोटेंटिला आणि खडकांच्या आडोशाला निळी हिमालयी खसखस फुलते. ऑगस्टमध्ये तेरड्याच्या कुळातील उंच गुलाबी फुलांची झाडे उतारच्या उतार व्यापतात. कोकणच्या व घाटमाथ्याच्या पावसाळ्यात तेरडा पाहिलेल्या मराठी वाचकास हे कूळ ओळखीचे वाटेल. मात्र येथील झाडे कित्येकदा माणसाच्या खांद्याला लागतात. सप्टेंबरात बिया पडतात, पाने तांबूस होतात आणि दरी पुन्हा मिटू लागते. पंधरा दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन प्रवाशांना जणू दोन निरनिराळ्या दऱ्या दिसतात. फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे पाचशे जाती येथे नोंदविल्या गेल्या आहेत.

यांतील बहुसंख्य वनस्पती बहुवर्षायू आहेत. वरचा भाग हिवाळ्यात मरतो आणि जमिनीखालचा कंद अथवा मूळ जिवंत राहते. पुढील वर्षीच्या फुलाची सारी शिदोरी त्या भूमिगत भागात साठविलेली असते. अतिथंडीमुळे येथे पाने कुजण्याची क्रिया मंद असते, त्यामुळे माती तयार होण्यासही फार काळ लागतो. खडकावर हातभर मातीचा थर साचावयास शेकडो वर्षे जावी लागतात. त्या पातळ थराला घट्ट धरून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे गवताच्या आणि फुलझाडांच्या मुळांची वीण.

तंबूने काय बिघडते

एवढे ध्यानात घेतले म्हणजे तंबूचा प्रश्न निराळा दिसू लागतो. एक तंबू, त्यात दोन माणसे, मुक्काम एका रात्रीचा. यात एवढे काय बिघडणार, असे कोणीही विचारील. परंतु सपाट, कोरडी आणि पाण्याजवळची जागा दरीत थोडीच असते. आज एकाने निवडलेली जागाच उद्या दुसरा निवडतो. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तंबूभोवती चर खणला जातो. तो चर मुळांची वीण कापतो आणि उतारावरून येणाऱ्या पाण्याला नवी वाट करून देतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्याची घळ होते. तंबूखालची माती दबून कठीण होते आणि तिच्यात पाणी मुरत नाही. ज्या रोपाला वाढण्यासाठी वर्षातून चारच महिने मिळतात, त्याचे ऐन जुलैतील पंधरा दिवस असे दबून गेले की त्या वर्षी ते बी धरीत नाही.

दुसरी गोष्ट सरपणाची. थंडीत शेकोटीचा मोह अनावर असतो. या उंचीवर जळाऊ लाकूड मिळते ते भूर्ज, बुरांस आणि जुनिपर यांचे. ही झाडे अत्यंत हळू वाढतात. एका रात्रीच्या शेकोटीत जळणारी जुनिपरची फांदी वाढावयास कित्येक वर्षे लागलेली असतात. तिसरी गोष्ट मलमूत्राची. सखल उष्ण प्रदेशात ते लवकर मातीत मिसळून जाते. येथे थंडीमुळे ते दीर्घकाळ तसेच राहते आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरते. खालच्या गावांचे पाणी तेच असते. शिवाय जेथे जनावरे अथवा माणसे वारंवार बसतात, तेथील माती नत्रयुक्त द्रव्यांनी भरते, आणि नाजूक फुलझाडांच्या जागी आंबटपालकासारखी रानटी, राठ झाडे माजतात. हिमालयातील जुन्या मेंढपाळी तळांच्या जागा अशा झाडांच्या गर्दीवरून दुरूनही ओळखता येतात.

दरीपासून फार दूर नसलेल्या नंदादेवी शिखराच्या आतील खोऱ्याने याचा पुरेपूर अनुभव घेतला. ऋषिगंगेच्या दुर्गम घळीतून १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिलमन हे त्या खोऱ्यात प्रथम पोहोचले. १९७४ मध्ये ते परदेशी गिर्यारोहकांना खुले झाले आणि मोहिमांची रीघ लागली. सरपणासाठी झाडी तुटली, तळांवर डबे व कचरा साचला, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यानंतर ते खोरे मोहिमांना बंद करावे लागले. मागे राहिलेला कचरा खाली आणण्यासाठी १९९३ मध्ये भूसेनेच्या अभियंता दलाच्या लोकांना तेथे जावे लागले.

बंदीचे दोन पदर

फुलांची दरी १९८२ मध्येच राष्ट्रीय उद्यान झाली. उद्यानाचे क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर आहे. त्याबरोबर दोन गोष्टी थांबल्या: प्रवाशांचा मुक्काम आणि गावकऱ्यांची चराई. पुढे २००५ मध्ये युनेस्कोने नंदादेवी उद्यानाबरोबर या दरीचाही जागतिक वारशात समावेश केला.

मुक्कामाच्या बंदीविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. चराईबंदीविषयी मात्र वाद आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. बंदीनंतरच्या वर्षांत दरीच्या काही भागांत पॉलिगोनम नावाच्या उंच, दाट वाढणाऱ्या वनस्पतीने मोठे क्षेत्र व्यापले. तिच्या सावलीत लहान फुलझाडे उगवत नाहीत. मेंढरे होती तेव्हा ही वनस्पती आटोक्यात होती, चराई बंद करून आपणच फुलांचे नुकसान केले, असे काहींचे म्हणणे. उलट, ही वनस्पती दरडी कोसळून विस्कटलेल्या आणि पूर्वी जनावरांच्या तळांनी बिघडलेल्या जमिनीवरच माजते, तेव्हा ती चराईबंदीचे फळ नसून जुन्या वापराचा अवशेष आहे, असे दुसऱ्या अभ्यासकांचे मत. दरम्यान वनखाते माणसे लावून ही झाडे उपटून टाकण्याचे काम करीत आले आहे. निसर्गाला केवळ कुंपण घातले की तो पूर्ववत होतो, ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून दिसून येते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. बंदीने प्रवाशाची एक रात्रीची हौस गेली, परंतु भ्यूंडारच्या मेंढपाळाचे कुरणच गेले. त्याने आपली उपजीविका बदलली. आज त्याच्या घरची माणसे खेचरे हाकतात, कंडी वाहतात, दुकाने चालवितात, वाटाड्याचे काम करतात. म्हणजे दरी राखण्याची किंमत ज्याने सर्वांत अधिक दिली, त्याचा चरितार्थ आता दरी पाहण्यास येणाऱ्या प्रवाशावर अवलंबून आहे. प्रवाशाने खेचरवाल्याशी चार पैशांसाठी घासाघीस करताना हा इतिहास मनात ठेवावा.

असाच प्रश्न चमोली जिल्ह्यातील बेदनी आणि आली या विस्तीर्ण बुग्यालांविषयीही उपस्थित झाला. बेदनीवरून नंदादेवीची राजजात यात्रा जाते आणि रूपकुंडाच्या वाटेवरील पदयात्रींचे तंबूही तेथे पडत असत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली आणि तेथे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या दिवसाला दोनशेवर मर्यादित करण्यास सांगितले. फुलांच्या दरीत १९८२ पासून जो नियम चालत आला होता, त्याच्या मागचा विचार अशा रीतीने इतर कुरणांपर्यंत पोहोचला. त्याबरोबर जे गावकरी तंबू, ओझी आणि स्वयंपाक यांवर पोट भरीत होते, त्यांच्यापुढे भ्यूंडारचाच प्रश्न उभा राहिला.

भार कोठे पडतो

दरीत रात्री कोणी राहत नाही म्हणून राहणारे नाहीसे होत नाहीत. ते घांगरियास राहतात. हेमकुंडाची यात्रा आणि फुलांचा हंगाम एकाच काळात येत असल्याने या लहानशा वस्तीवर उन्हाळ्यापासून शरदापर्यंत माणसांचा आणि खेचरांचा मोठा भार पडतो. हिवाळ्यात मात्र ती ओस पडते. लीद, प्लॅस्टिकच्या बाटल्या, पावसाळी अंगरख्यांच्या चिंध्या, खाद्यपदार्थांची वेष्टने यांनी वाटेच्या कडा भरू लागल्या, तेव्हा भ्यूंडारच्या ग्रामस्थांनी पारिस्थितिकी विकास समितीमार्फत कचरा गोळा करून खाली नेण्याचे काम हाती घेतले. ते दर हंगामात नव्याने करावे लागते.

शिवाय ही भूमी स्थिर नाही. जून २०१३ च्या अतिवृष्टीत लक्ष्मणगंगेला आलेल्या पुराने भ्यूंडार गावाची मोठी हानी केली आणि गोविंदघाटापासूनची वाट ठिकठिकाणी वाहून गेली. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात घरांना तडे जाऊन अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड या १२.४ किलोमीटरांच्या रज्जुमार्गास मंजुरी दिली. दिवसाला ११,००० प्रवासी वाहून नेण्याची त्याची क्षमता असेल असे सांगण्यात आले. वृद्ध आणि अशक्त यात्रेकरूंना त्याने मोठाच दिलासा मिळेल. परंतु आजवर दरीचे रक्षण जितके नियमांनी केले, तितकेच त्या दहा किलोमीटरांच्या चढणीनेही केले आहे. ती चढण सुकर झाल्यावर घांगरियाने किती माणसे पेलावीत, याचा विचार आधीच झालेला बरा.

प्रवाशाने काय करावे

उद्यान साधारणपणे १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते. फुलांचा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. तोच पावसाचाही भर असल्यामुळे दरडी कोसळून रस्ते बंद होणे नित्याचे असते. यास्तव दोन-तीन दिवस हाताशी जादा ठेवूनच बेत आखावा. शिखरांच्या दर्शनाची ज्यांना विशेष ओढ आहे, त्यांनी सप्टेंबर निवडावा. फुले कमी झालेली असली तरी आकाश अधिक निरभ्र असते.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. प्रत्येक श्वासाबरोबर शरीरास मिळणारा प्राणवायू त्या मानाने कमी असतो. पहिल्या दिवशी घांगरियापर्यंतच जावे, दुसऱ्या दिवशी दरी पाहावी आणि हेमकुंडाची अधिक उंच चढण तिसऱ्या दिवसासाठी ठेवावी, हा क्रम शरीरास मानवतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही उंचीच्या विकाराची लक्षणे होत. ती वाढू लागली तर थांबून वाट न पाहता खाली उतरावे. यावर दुसरा खात्रीचा उपाय नाही.

तंबूत राहण्याची हौस असेल तर ती घांगरियाच्या परिसरात, परवानगी असलेल्या जागी भागवावी. तेथेही चर खणू नये आणि शेकोटी पेटवू नये. दरीत सकाळी शक्य तितक्या लवकर प्रवेश करावा. दुपारनंतर ढग उतरतात आणि शिखरे झाकली जातात. उशिरा येणाऱ्यास प्रवेशही मिळत नाही. वाट चिखलाची असली तरी ती सोडून कडेच्या गवतावरून चालू नये. एका माणसाने टाळलेला चिखल पुढच्या शंभर माणसांची दुसरी पायवाट होते. फूल तोडू नये, मूळ उपटू नये, हे सांगावयास नको. जेवणाची शिदोरी बरोबर घ्यावी आणि तिचे वेष्टन घांगरियातही न टाकता गोविंदघाटाच्या खाली परत न्यावे, कारण घांगरियात टाकलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून अथवा खेचरावरून खाली न्यावी लागते. शक्य असेल तर भ्यूंडार वा पुलना येथील वाटाड्या सोबत घ्यावा. फुलांची स्थानिक नावे आणि औषधी उपयोग त्याच्याकडून जितके कळतात, तितके पुस्तकातून कळत नाहीत.

संध्याकाळच्या आत दरीतून परतताना बहुतेकांच्या मनात थोडी हुरहुर असते. रताबनवर पडणारा शेवटचा प्रकाश पाहावयास तेथे थांबता आले असते तर बरे झाले असते, असे वाटते. ते वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच वेळी जमिनीखालचे कंद पुढील वर्षाची तयारी करीत असतात. सप्टेंबर संपेल, बर्फ पडेल आणि पुढल्या जूनमध्ये कोणी दुसरा प्रवासी भूर्जांच्या रानातून वर येईल. त्यालाही हीच दरी दिसावी, यासाठी आपण एक रात्र घांगरियात काढावयाची आहे.